यकृतकांच्या शुक्रपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली: बेळगाव-खानापूरकडच्या नवशिक्यांसाठी

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीकडे निघालं की पावसाळ्यात रस्त्याकडेच्या दरडी हिरव्यागार दिसतात. जवळ जाऊन बघितलं तर त्या हिरवाईत चपट्या, फाटे फुटत जमिनीला चिकटून वाढणाऱ्या वनस्पती सापडतात. लोक त्यांना सरसकट शेवाळ म्हणतात. वनस्पतिशास्त्रात त्या यकृतका, म्हणजे लिव्हरवर्ट. यांना खरी मुळं नाहीत, फूल नाही, बी नाही. पण यांची शुक्रपेशी पाण्यात पोहते. दोन कशाभिका (पोहायच्या शेपट्या), एक बारीक वळणदार केंद्रक, दोन तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) आणि एक लवक (प्लास्टिड), एवढ्या सामानावर ती पावसाच्या पाण्यातून अंडपेशीपर्यंत जाते. साध्याशा पेशीतून ही रचना कशी घडत जाते हे टप्प्याटप्प्याने बघायचं तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच लागतो, कारण तिच्यातल्या सूक्ष्मनलिका (मायक्रोट्यूब्यूल) जेमतेम 25 नॅनोमीटर जाडीच्या असतात आणि नेहमीच्या प्रकाश सूक्ष्मदर्शीची मजल साधारण 200 नॅनोमीटरपाशी संपते.

एम.एस्सी.चं प्रोजेक्ट हाती घेतलेल्या किंवा पीएच.डी.ची सुरुवात करणाऱ्या आपल्या भागातल्या मुलामुलींसाठी हे लिहिलं आहे. माझं मत आधीच सांगून ठेवते: या कामातलं बहुतेक यशापयश सूक्ष्मदर्शीच्या खोलीत शिरण्याआधीच ठरून गेलेलं असतं. योग्य वयाची पुंधानी (शुक्रपेशी बनवणारी पिशवी) उचलली का, आणि पहिल्या काही मिनिटांत ती नीट फिक्स झाली का, म्हणजे रसायनाने आहे तशी टिकली का, यावर सगळं अवलंबून. म्हणून त्या दोन गोष्टींवर इथे जास्त लिहिलं आहे.

रानात जाण्याआधी फोन

नमुना गोळा करण्याआधी सूक्ष्मदर्शी कुठला वापरणार ते पक्कं करा. आपल्याला लागतो तो ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शी, बोली भाषेत टेम. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या पाठबळावर चालणारी 'सैफ' नावाची उपकरण केंद्रं देशात अनेक ठिकाणी आहेत. आयआयटी मुंबईत आहे, दिल्लीच्या एम्समध्ये आहे. कुठल्या संस्थेत कोणतं उपकरण आहे ते 'आय-स्टेम' या सरकारी पोर्टलवर शोधता येतं आणि वेळही तिथून मागता येते. बेळगाव, धारवाड, कोल्हापूरच्या विद्यापीठांत आधी चौकशी करावी, जवळ काम झालं तर उत्तमच.

चौकशी करताना फक्त "टेम आहे का" एवढं विचारून थांबू नका. बऱ्याच ठिकाणचा टेम धातू आणि नॅनोकणांच्या कामाला जुंपलेला असतो. विचारायचे ते प्रश्न असे: अल्ट्रामायक्रोटोम (अतिपातळ काप काढायचं यंत्र) आहे का, जैविक नमुन्यांचे काप कोण काढून देतं, आपण फक्त फिक्स केलेला नमुना पाठवायचा की तयार ब्लॉक (कडक रेझिनमध्ये बसवलेला तुकडा), आणि सलग काप मिळतील का. शेवटचा प्रश्न आपल्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे, कारण पुढे सांगणार आहे ती रचना एखाद्याच कापात सापडली तर तिचा अर्थ लागत नाही.

कोणती वनस्पती घ्यावी

पुस्तकात सगळीकडे मार्केंशिया असते. तिच्यावर काम भरपूर झालंय, 2017 मध्ये तिच्या एका जातीचा पूर्ण जनुकसंचही प्रसिद्ध झाला, त्यामुळे मोह होणं साहजिक आहे. पण नवशिक्याने मार्केंशियाच्या मागे रानभर फिरू नये. जे दाराशी मिळतं त्यावर हात बसवावा.

माझी पहिली पसंती फॉसोम्ब्रोनियाला. ओल्या, उघड्या मातीवर, पायवाटेच्या कडेला हिचे छोटे, कुरळ्या पानांचे पुंजके असतात. उपटून पाहिलं तर खालची मूलाभं (मुळांसारखे धागे) जांभळी निघतात, त्यामुळे ओळख चटकन पटते. हिच्या पुंधानी खोडाच्या वरच्या बाजूला उघड्याच असतात, कशात बुडालेल्या नसतात. पिकत आल्या की पिवळ्या-नारिंगी होतात आणि साध्या भिंगातूनही दिसतात. चिमट्याने एकेक पुंधानी वेगळी करता येते, म्हणजे फिक्सेटिव्ह सरळ आतपर्यंत पोचतं.

दुसरी रिक्सिया. भातकापणीनंतर खानापूरकडच्या खाचरांत जिथे ओल टिकून असते तिथे आणि बांधांच्या कडेला हिची छोटी चकत्यांसारखी वर्तुळं दिसतात. रिक्सियाच्या पुंधानी कायकाच्या (चपट्या शरीराच्या) मधल्या खाचेत, आपापल्या कप्प्यात बुडालेल्या असतात. वेगळ्या करणं कठीण, पण एका बाबतीत रिक्सियाला तोड नाही: वाढत्या टोकाकडे कोवळ्या पुंधानी आणि मागे सरकत जाल तशा जुन्या. खाचेच्या रेषेत उभा लांब काप घेतला की एकाच तुकड्यात वाढीच्या कितीतरी पायऱ्या ओळीने मिळतात. काही जातींत मध्येच स्त्रीधानी (अंडपेशी असलेल्या कुप्या) येतात, तेवढं लक्षात ठेवायचं.

प्लॅजिओकाझ्मा आपल्याकडच्या चिऱ्याच्या जुन्या भिंतींवर, विहिरींच्या पायऱ्यांच्या कडेला मिळते. तिच्या पुंधानी कायकावर बसलेल्या नालाच्या आकाराच्या गादीत असतात. चांगली आहे, पण तिच्या ऊतीत हवेच्या पोकळ्या फार, आणि हवा हा फिक्सिंगचा शत्रू. ती दुसऱ्या वर्षासाठी ठेवा.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय काहीही उचलू नये, मूठभर मातीसुद्धा. या कामाला तिथे जायची गरजही नाही. रस्त्याची दरड, शेताचा बांध, वाड्याची पडकी भिंत पुरे होते. शेतात उतरण्याआधी मालकाला विचारा. बांधावर भिंग घेऊन वाकलेलं माणूस दिसलं की "काय हुडकालायसा?" असा प्रश्न येतोच. भिंग त्यांच्या हातात द्या आणि पिवळ्या पुंधानी दाखवा. पुढच्या वेळी कुठल्या वाफ्यात जास्त आहे ते तेच सांगतात.

आणायची कशी, आणि वय कसं ओळखायचं

मातीच्या पातळ थरासकट सुरीने उचलून झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. डब्यात ओलसर टिपकागद, झाकण जरा सैल. घरी खिडकीपाशी उजेडात, पण थेट ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. फ्रिजमध्ये ठेवू नका. थंडीने सूक्ष्मनलिका विरघळतात, आणि आपल्याला बघायच्या असतात नेमक्या त्याच.

नळाखाली धुवायचीही घाई नको. पिकलेल्या पुंधानीला पाणी लागलं की ती फुटते आणि शुक्रपेशी बाहेर पडतात. माती काढायची ती मऊ कुंचल्याने.

आता वय. पुंधानीच्या आत सुरुवातीला चौकोनी पेशींचे गट्ठे असतात. शेवटच्या विभाजनात प्रत्येक पेशीतून जोडीने दोन पूर्वशुक्रपेशी होतात; मार्केंशियासारख्या वनस्पतींत हे विभाजन तिरकं होतं, म्हणून काही काळ त्या त्रिकोणी दिसतात. मग त्या गोल होतात, भिंतीपासून सुटतात, त्यांच्याभोवती चिकट द्रव्य भरतं, आणि आत केंद्रक लांबायला लागतं. आपल्याला हवा तो काळ इथून पुढचा. एका पुंधानीतल्या पेशी बहुतेक बरोबरीने वाढतात, त्यामुळे एक पुंधानी म्हणजे साधारण एक टप्पा.

ओळखायची रीत सोपी आहे. एक पुंधानी काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवा, आच्छादक काच ठेवून हलकेच दाबा आणि 40च्या वस्तुभिंगाखाली बघा. चौकोनी गट्ठे दिसले तर कोवळी. गोलसर पेशी जोडीजोडीने सुटल्या तर बरोबर वेळ. वळवळणारे बारीक पिळे दिसले तर पिकलेली. मग तिच्या शेजारची, त्याच रंगाची आणि त्याच आकाराची पुंधानी फिक्स करायची. वहीत रंग, झाडावरची जागा आणि ठेचून काय दिसलं ते लगेच लिहा. हा अर्धा तास वाचवणारे पुढे महिना घालवून केवळ चौकोनी पेशींची छायाचित्रं घेऊन परततात.

फिक्सिंग

लागणारं द्रावण: 2.5 टक्के ग्लुटराल्डिहाइड, 0.1 मोलर फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात), पीएच 7 ते 7.2. ग्लुटराल्डिहाइड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच्या प्रतीचंच घ्या. जुनं, पिवळसर पडलेलं टाकून द्या. बरेच जण कॅकोडिलेट बफर वापरतात; तो चांगला आहे, पण त्यात आर्सेनिक असतं, म्हणून शिकाऊ हातात फॉस्फेट बरा. फॉस्फेटच्या द्रावणात कॅल्शियम घालू नका, साका बसतो.

ग्लुटराल्डिहाइडचं या विषयाशी जुनं नातं आहे. 1952 मध्ये आयरीन मँटन आणि क्लार्क यांनी स्फॅग्नम या मॉसच्या शुक्रपेशी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली पाहिल्या. 1959 मध्ये एमिल हाइट्स यांनी मार्केंशियासारख्या यकृतकांच्या पूर्वशुक्रपेशींत कशाभिकांच्या बुडाशी थरांची एक विचित्र रचना नोंदली. 1963 मध्ये ग्लुटराल्डिहाइडची पद्धत आली आणि वनस्पतिपेशींतल्या सूक्ष्मनलिका पहिल्यांदा नीट टिकून दिसू लागल्या. 1967 मध्ये कॅरोदर्स आणि क्रायटनर यांनी मार्केंशियातल्या त्या थरांचं बारकाईने वर्णन केलं. आज तिला बहुस्तरीय रचना म्हणतात, आणि तिचा वरचा थर सूक्ष्मनलिकांचाच असतो. फिक्सेटिव्ह चुकलं तर हा थरच नाहीसा होतो, बाकी सगळं छान दिसत असलं तरी.

म्हणून पहिलं फिक्सिंग खोलीच्या तापमानाला करायचं, दोन तास. "फिक्सेटिव्ह थंडच हवं" हे प्राण्यांच्या ऊतींसाठी लिहिलेल्या जुन्या टिपणांतून आलेलं आहे. इथे ते पाळू नका. दोन तासांनंतर बाटली 4 अंशांवर रात्रभर ठेवली तर चालते, तोवर नलिका पक्क्या झालेल्या असतात. ग्लुटराल्डिहाइडमध्ये थोडं टॅनिक आम्ल मिसळलं तर नलिकांच्या भिंती आणखी ठळक येतात, पण ते दुसऱ्या खेपेला करून बघा.

तुकडा एक मिलिमीटरपेक्षा मोठा नको. कापायचा तो फिक्सेटिव्हच्या थेंबातच, नव्या दाढीच्या ब्लेडने. रिक्सिया असेल तर खालचा मूलाभांचा भाग कापून टाका. आपल्याकडच्या लाल मातीचा एक बारीक कण जरी ब्लॉकमध्ये राहिला तरी हिऱ्याच्या सुरीला खाच पडते, आणि ती सुरी फार महाग असते. केंद्रातली माणसं त्यानंतर तुमचा नमुना हातात घ्यायला नाखूश असतात, ते रास्तच आहे.

तुकडे द्रावणावर तरंगत असतील तर आत हवा आहे. 10 मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये फिक्सेटिव्ह आणि तुकडे घ्या, टोकावर हातमोजा घातलेलं बोट दाबून धरा आणि दट्ट्या हळू मागे ओढा. तुकड्यांतून बारीक बुडबुडे निघताना दिसतात. सोडा, पुन्हा ओढा. तुकडे बुडाशी बसले की झालं. हे सगळं फ्यूम हूडमध्ये (विषारी वाफ ओढून घेणाऱ्या कपाटात), चष्मा आणि हातमोजे घालून.

बाटलीत ओळखचिठ्ठी आतच टाका आणि ती शिसपेन्सिलने लिहा. पेनाची शाई पुढे अल्कोहोलमध्ये निघून जाते.

आपल्या प्रयोगशाळेत यापुढची सोय नसेल तर इथे थांबता येतं. ग्लुटराल्डिहाइड काढून नुसत्या बफरमध्ये ठेवलेले तुकडे थंड पेटीतून नेता येतात. बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठले की पेशी फाटतात. आणि फार दिवस रेंगाळू नका.

ऑस्मियम

बफरने तीन वेळा, दर वेळी पंधरा मिनिटं धुवून तुकडे 1 टक्का ऑस्मियम टेट्रॉक्साइडमध्ये दीड-दोन तास. त्याने पेशीपटलं टिकतात आणि गडदही होतात. तुकडे काळे पडतात, पडायलाच हवेत.

ऑस्मियमची वाफ डोळ्याच्या बुबुळाला इजा करते. मार्गदर्शक शेजारी उभे असल्याशिवाय नवशिक्याने याची कुपी फोडू नये, मग कितीही घाई असो. काम फक्त हूडमध्ये. उरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही. मक्याच्या तेलासारख्या असंपृक्त तेलात घातलं की ऑस्मियम काळं होऊन बांधलं जातं, मग घातक कचऱ्याच्या नियमाने त्याची विल्हेवाट लावायची.

निर्जलीकरण, रेझिन आणि आपला पावसाळा

ऊतीतलं पाणी काढायला इथेनॉलच्या पायऱ्या: 30, 50, 70, 90 आणि शेवटी 100 टक्के, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं, शंभराला तीनदा. यात अवघड काही नाही. अवघड आहे ती इथली हवा. जुलैत खानापूरकडे कपडे आठवडाभर वाळत नाहीत. त्याच हवेत उघडी ठेवलेली शंभर टक्क्यांची बाटली शंभर टक्क्यांची राहत नाही. नवी बाटली फोडा, किंवा तळाशी निर्जल मोरचूद ठेवा. पांढरा मोरचूद निळा झाला की पाणी शिरलंय हे कळतं. काढलेलं अल्कोहोल गाळूनच वापरा.

रेझिनचंही तेच. वनस्पतींसाठी स्परचं पातळ रेझिन सोयीचं. 1969 पासून ते याच कामासाठी वापरात आहे. पण ओल शोषली की ब्लॉक मऊ राहतो, आणि मऊ ब्लॉकचा काप घडी पडून निघतो. फ्रिजमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दव बसतं. तुकडे सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये ठेवूनच रेझिन मुरवा. रेझिनचे घटक त्वचेतून शरीरात जातात, हातमोजे काढायचे नाहीत.

मुरवण्यात घाई अजिबात चालत नाही. पूर्वशुक्रपेशींभोवतीचं ते चिकट द्रव्य रेझिनला लवकर आत येऊ देत नाही. बाहेरची भिंत, आजूबाजूच्या पेशी सुंदर निघतात आणि नेमकी मधली जागा भोकं पडलेली, असं होतं ते यामुळे. रेझिन एक भाग आणि अल्कोहोल तीन भाग, मग निम्मं-निम्मं, मग तीनास एक, प्रत्येक पायरीला एक रात्र. नंतर शुद्ध रेझिनमध्ये दोन दिवस, दोनदा बदलून. मग साच्यात घालून 70 अंशांवर रात्रभर भट्टीत. सपाट साचा वापरा, म्हणजे तुकडा कसा झोपवायचा ते आपल्या हातात राहतं. रिक्सियाचा तुकडा असा ठेवा की सुरी खाचेच्या रेषेतून जाईल.

ज्यांना जमेल त्यांनी काम दोन हंगामांत वाटून घ्यावं. फॉसोम्ब्रोनिया पावसाळ्यात फिक्स करून कोरड्या, वातानुकूलित प्रयोगशाळेत रेझिनला न्यावी. रिक्सिया सुगीनंतर, हवा सुकी झाल्यावर, इथेच पूर्ण करावी.

काप आणि रंग

आधी काचेच्या सुरीने एक मायक्रोमीटरचे जाड काप. काचपट्टीवर गरम करून चिकटवा, टोल्युइडिन ब्ल्यूने रंगवा, प्रकाश सूक्ष्मदर्शीखाली बघा. पुंधानी सापडली का, कुठल्या टप्प्यात आहे, ते इथे ठरतं. इथे चार तास द्या, टेमच्या भाड्याचे पैसे वाचतात.

मग हिऱ्याच्या सुरीने 60 ते 80 नॅनोमीटरचे काप. पाण्यावर तरंगताना ते चंदेरी दिसले तर जाडी बरोबर. सोनेरी म्हणजे जाड. ते तीन मिलिमीटरच्या तांब्याच्या जाळीवर उचलतात. सलग काप हवे असतील तर जाळीऐवजी फॉर्मव्हारचा (पातळ प्लास्टिकचा) पडदा लावलेली फटीची चकती मागा, म्हणजे एकही काप तारेआड जात नाही.

रंग म्हणजे इथे जड धातू: युरेनिल असिटेट, मग लेड सायट्रेट. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने लेडचे काळे खडे पडतात. झाकणाच्या बशीत सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवून रंगवायचं, आणि त्यावर वाकून बोलायचं नाही. युरेनिल असिटेट किरणोत्सारी आहे. त्याची नोंद आणि साठवण केंद्राच्या नियमाप्रमाणेच.

पडद्यावर काय बघायचं

कमी मोठेपणापासून सुरुवात करा. आधी पुंधानीचं आवरण, मग आतल्या पेशींची मांडणी, मग एक जोडी. एकदम वर गेलात तर आपण कुठे आहोत हेच कळत नाही.

पहिली शोधायची गोष्ट म्हणजे तारककेंद्रं (सेंट्रिओल). यकृतकांच्या बाकी पेशींत ती नसतातच. शुक्रपेशी घडायच्या वेळीच नव्याने तयार होतात. ती जोडीने, टोकाला टोक लावून एका रेषेत उगवतात. नंतर बाजूबाजूला येतात, आणि त्यांच्यापासूनच दोन कशाभिका फुटतात. आडव्या कापात तारककेंद्रात तीन-तीन नलिकांचे नऊ गट मोजता येतात, कशाभिकेत कडेला नऊ जोड्या आणि मधोमध दोन.

त्यांच्या लगेच खाली बहुस्तरीय रचना. चार थर. वरचा थर सूक्ष्मनलिकांचा, तट्टीच्या कामट्यांसारख्या एकीला एक लागून बसवलेल्या. त्याखालचे तीन थर बारीक पट्ट्यांचे, आणि सगळ्यांच्या खाली एक मोठी तंतुकणिका टेकलेली. इथे नवशिक्याची हमखास फसगत होते. वरच्या नलिका आणि खालच्या पट्ट्या यांची दिशा एक नसते, त्यांच्यात सुमारे 45 अंशांचा कोन असतो. त्यामुळे एकाच कापात दोन्ही स्वच्छ येत नाहीत. नलिका गोल गोल टिपक्यांसारख्या लख्ख दिसल्या तर खालच्या पट्ट्या धूसर, आणि पट्ट्या रेखीव आल्या तर नलिका तिरक्या ओढल्यासारख्या. हा काप वाईट नाही, रचनाच तशी आहे. टेममध्ये नमुना कलवायची सोय असेल तर पंधरा-वीस अंश कलवून दोन छायाचित्रं घ्या. सलग काप लागतात तेही यासाठीच.

यानंतरचा टप्पा मला सगळ्यात देखणा वाटतो. नलिकांचा तो वरचा थर मागच्या बाजूला वाढत जातो आणि केंद्रकाच्या अंगावरून सरकतो. गोल केंद्रक त्याच्या खाली हळूहळू लांब होतं, निमुळतं होतं, वळसा घेतं. आतलं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्याला बांधणारी प्रथिनं) आधी सैल, मग धाग्याधाग्यांचं, मग एकजीव काळं. हिस्टोन प्रथिनांची जागा प्रोटामिनसारखी प्रथिनं घेतात, म्हणून ते इतकं घट्ट बसतं. एकाच जाळीवर शेजारच्या दोन पुंधानींत धाग्यांचं केंद्रक आणि काळं केंद्रक दोन्ही मिळालं तर ते छायाचित्र जपून ठेवा, प्रबंधात त्याला स्वतंत्र पान द्यावं.

तंतुकणिकांकडेही लक्ष ठेवा. सुरुवातीला त्या पुष्कळ असतात, शेवटी दोनच उरतात: एक पुढे, बहुस्तरीय रचनेपाशी, आणि एक मागे, लवकाजवळ. बाकीच्यांचं काय होतं याचं उत्तर 2022 मध्ये जपानमधल्या गटाने मार्केंशियावर काम करून दिलं: पेशी त्यांना स्वभक्षणाने पचवते. तुमच्या कापात दुहेरी पटलात गुंडाळलेली तंतुकणिका दिसली तर तिला कचरा समजून पुढे जाऊ नका. रिक्सियात किंवा फॉसोम्ब्रोनियात हा प्रकार कुठल्या टप्प्याला सुरू होतो ते क्रमाने दाखवणं हा प्रोजेक्टचा चांगला विषय होईल.

मागच्या लवकात पिष्टाचे कण असतात, रिकाम्या पांढऱ्या डागांसारखे दिसतात. उरलेला पेशीद्रव शेवटी टाकून दिला जातो. आणि पूर्ण पिकलेल्या शुक्रपेशीत बहुस्तरीय रचनेच्या खालच्या पट्ट्या शोधत बसू नका. त्यांचं काम झालेलं असतं, त्या मोडलेल्या असतात.

कशासाठी एवढा खटाटोप, असं घरचे विचारतात. ही बहुस्तरीय रचना नेच्यांच्या शुक्रपेशींत आहे, सायकसच्या आणि गिंकोच्या शुक्रपेशींतही आहे, आणि कोलिओकीट नावाच्या गोड्या पाण्यातल्या हिरव्या शैवालाच्या पोहणाऱ्या पेशींतही आहे. जमिनीवरच्या झाडांचं आणि हिरव्या शैवालांचं नातं जुळवताना हा पुरावा मोलाचा ठरला. तो पुरावा आपल्या भाताच्या बांधावर वाढतो.

पूर्ण शुक्रपेशी बघायची असेल तर

कापांतून आकार जुळवणं कठीण वाटलं तर सोबत स्कॅनिंग सूक्ष्मदर्शी वापरा, सेम. पिकलेल्या पुंधानींवर पाण्याचा थेंब ठेवा. थोड्या वेळात तो दुधाळ होतो. तो पॉलिलायसिन (पेशी चिकटवून धरणारं द्रव्य) लावलेल्या काचेवर घ्या, ग्लुटराल्डिहाइडचा थेंब सोडा, मग अल्कोहोलच्या पायऱ्या, क्रिटिकल पॉइंट ड्रायर आणि वर सोन्याचा पातळ थर. नुसत्या हवेत वाळवलं तर पाण्याच्या पृष्ठताणाने कशाभिका चिकटून बसतात. पिळाची दिशा आणि दोन कशाभिका शरीराच्या नेमक्या कुठून निघतात ते इथे एका नजरेत कळतं. त्यातली एक जरा पुढून निघते, एक जरा मागून. ते पाहून झालं की टेमच्या कापांत त्यांची मुळं मागे-पुढे का दिसतात तेही ध्यानात येतं.

छायाचित्रांची नावं देताना वनस्पती, पुंधानीचा क्रमांक, ब्लॉक, जाळी आणि काप हे सगळं नावातच घाला, आणि मापरेषा छायाचित्रावरच उमटवून घ्या. ब्लॉक फेकू नका. घट्ट झालेलं रेझिन कोरड्या डबीत वर्षानुवर्षं टिकतं, आणि पुढच्या वर्षी दुसरा प्रश्न सुचला तर त्याच ब्लॉकमधून आणखी खोल काप काढता येतात.